लायसन्सवर नाव कुणाचं?

मागं ऐकू येतंय ना? ठीक आहे. पत्रिकेत विषय छापलाय 'एफएल-३ परवाना : अर्ज आणि नूतनीकरण', म्हणजे आपल्या परमिट रूमचं लायसन्स, आणि वेळ दिलाय अर्धा तास. फॉर्म, चलन, नकाशा सगळं सांगणार आहे, पण त्याच्या आधी एक गोष्ट सांगायचीय, खरं तर ती सांगायलाच मी आलेय. इथं बसलेल्या प्रत्येकाच्या काउंटरच्या मागं भिंतीवर लायसन्सची फ्रेम आहे. रोज सकाळी अगरबत्ती ओवाळताना आपला हात तिच्यावरनं फिरतो. आज घरी गेल्यावर तिची काच पुसा आणि त्यावर नाव कुणाचं आहे ते वाचा.

आमच्या फ्रेममध्ये नाव होतं आमच्या सासऱ्यांचं, आण्णांचं. १९८६ सालचं लायसन्स. पुढं खानावळ, मागं परमिट रूम, सहा टेबलं. आण्णा चौथी शिकलेले, माणूस जोडण्यात मात्र पक्के. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट बघितली, रात्री साडेअकराला शटर अर्धं खाली आलं की सासूबाई मागच्या दारानं आत यायच्या, पदर खोचायच्या आणि रजिस्टर उघडायच्या. ब्रँडवार, साइजवार, खंबे किती, हाफ किती, क्वार्टर किती. उघड्या बाटल्या काउंटरवर एका रांगेत मांडायच्या आणि प्रत्येक बाटलीला पट्टी लावून पेग मोजायचे. साडेसातशेच्या बाटलीत तीसचे पंचवीस पेग, म्हणजे वीस गेले असतील तर पाच शिल्लक दिसलेच पाहिजेत. एखादा कमी भरला की वेटरला हाक, रागवायच्या नाहीत, "आठव बाबा, कुठल्या टेबलाला गेला" एवढंच. पंचवीस वर्षं ते रजिस्टर त्यांच्या अक्षरात आहे. एकही खाडाखोड नाही, चुकलं तर वरनं एक आडवी रेघ आणि बाजूला सही. सही अर्थात आण्णांची.

२०११ च्या ११ फेब्रुवारीला आण्णा गेले. संध्याकाळी चहा घेतला, म्हणाले जरा पडतो, आणि उठलेच नाहीत. आता तुम्ही धंद्यातले आहात, तुम्हाला तारीख सांगितली की पुढचं कळतं. लायसन्सचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. आमच्याकडं अठ्ठेचाळीस दिवस, त्यातले तेरा दिवस तर सुतकाचेच. आणि गेलेल्या माणसाच्या नावावर नूतनीकरण होत नाही.

वारस सहा. सासूबाई, दोन मुलगे, तीन मुली. एकाच्या नावावर करायचं तर बाकी पाच जणांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र पाहिजे, स्टँप पेपरवर, नोटरी करून. आमच्या ह्यांनी धरूनच चाललं होतं की थोरला मुलगा म्हणून त्यांचं नाव लागणार, भाऊजींचीही हरकत नव्हती. धाकट्या दोघी वन्संनी सह्या केल्या. थोरल्या वन्सं सुरतेला. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, मी सही करणार नाही. झालं, घरात एकदम शांतता. भाऊजी म्हणाले, वाटणी मागणार बघा आता. चार दिवस फोन नाही, पाचव्या दिवशी त्यांचाच आला आणि मीच उचलला. म्हणाल्या, "वहिनी, मला एक रुपया नको. आईचं नाव लावा, मी उद्या गाडीत बसते."

आईचं नाव! बारच्या लायसन्सवर! आमचे हे दोन मिनिटं बोललेच नाहीत. मग म्हणाले, लोक काय म्हणतील. वन्सं तिकडनं म्हणाल्या, रात्री बारा वाजता पेग मोजताना लोकांनी काही म्हटलं का आईला? (हशा) तुम्ही हसताय, आम्हीही नंतर हसलो, त्या दिवशी मात्र घरात कुणी जेवलं नाही.

त्या आल्या, सह्या झाल्या, फाईल गेली. आणि परत आली. लायसन्सवर नाव 'दत्तू', मृत्यूच्या दाखल्यावर 'दत्तात्रय'. दोन्ही एकच इसम आहेत याचं प्रतिज्ञापत्र आणा. आणलं. परत फाईल आली, सासूबाईंच्या शाळेच्या दाखल्यात माहेरचं नाव, मतदार यादीत सासरचं. पुन्हा प्रतिज्ञापत्र. तिसऱ्यांदा आली ती एक पान सुटलं म्हणून, जे आम्ही पहिल्यांदाच जोडलं होतं. ऑफिसचं नाव मी घेणार नाही, पण एकाच वेळी तिन्ही त्रुटी सांगितल्या असत्या तर आमचे दोन महिने वाचले असते, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय आणि इथंही सांगते. १ एप्रिलला शटर खाली आलं ते २३ जुलैला उघडलं. नऊ माणसं कामाला, त्यातल्या कुणाला सोडलं नाही, खानावळीवर जेवढं भागलं तेवढं भागवलं, बाकी सासूबाईंच्या पाटल्या गेल्या.

सुनावणीला त्या स्वतः गेल्या, मी सोबत. साहेब नवीन होते, वयानं लहान. त्यांनी विचारलं, आजी, धंदा कोण बघतं? सासूबाईंनी पिशवीतनं रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, हे अक्षर माझं. त्यांनी पानं चाळली, मधलंच एक पान उघडून बेरीज केली, जुळली. पुढं काही विचारलं नाही त्यांनी.

आणि हे का सांगते ऐका. आपल्याकडं दारू आणि बाई म्हटलं की एकच चित्र, मोर्चा, निवेदन, उभी बाटली आडवी बाटली. तो कायदा मला मान्य आहे, अगदी मनापासून. वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून मतदान मागितलं आणि आडव्या बाटलीला पुरेशी मतं पडली तर दुकान बंद झालंच पाहिजे. आमच्या गल्लीतही एकदा सह्यांची बैठक झाली होती, आमच्याच बारविरुद्ध, आणि मी जाऊन बसले होते. त्यांची तक्रार खरी होती, रात्री बाहेर रस्त्यावर ग्लास घेऊन उभे राहणारे लोक. आम्ही दुसऱ्या दिवशी ते बंद केलं. पण ती तक्रार आण्णांपर्यंत दोन वर्षं पोचलीच नव्हती, कारण बायका येऊन काउंटरवरच्या पुरुषाशी बोलणार कशा? सासूबाईंचं नाव लागल्यावर त्याच बायका मागच्या दारानं येऊन सांगायला लागल्या, काकी, अमक्याला आज देऊ नका, घरी भांडण झालंय. आणि आम्ही दिली नाही. म्हणून म्हणते, ज्या घरात बाई रजिस्टर लिहिते त्या घरात तिचं नाव लायसन्सवर पाहिजे, भागीदार म्हणून पाहिजे, आणि ते मालक जिवंत असताना पाहिजे. नाव वाढवायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, फी लागते, वेळ लागतो, सगळं मान्य. मेल्यावर लागतो त्यापेक्षा कमीच लागतो.

दहा मिनिटं राहिलीत अशी चिठ्ठी आलीय. बरं, आता भराभर सांगते, लिहून घ्या.

नवीन अर्ज. आधी चालू हॉटेल पाहिजे, एफएल-३ हे खाण्याच्या जागेला मिळतं, मोकळ्या गाळ्याला नाही. अर्ज राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडं, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. जागेचा उतारा नाहीतर भाडेकरार, बांधकाम परवानगी, नकाशा, अन्न परवाना, फायरची एनओसी, पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी, आणि खेड्यात असाल तर ग्रामसभेचा ठराव. नकाशात काउंटर, स्टोअर आणि दारं जिथं दाखवाल तिथंच ठेवायची, नंतर भिंत हलवली तर ती परवानगीशिवाय हलवलेली भिंत धरतात. शाळा, देऊळ, एसटी स्टँड यांच्यापासूनचं अंतर माणूस पायी ज्या जवळच्या वाटेनं जातो त्या वाटेनं मोजतात, दारापासून दारापर्यंत, त्यामुळं अर्ज करायच्या आधी स्वतः टेप घेऊन मोजा. हायवेचा वेगळा विषय. १५ डिसेंबर २०१६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, हायवेपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको, नंतर वीस हजार लोकसंख्येच्या आतल्या गावांना तेच अंतर दोनशे वीस मीटर, आणि जुलै २०१७ मध्ये शहराच्या हद्दीतल्या लायसन्सला ही बंदी नाही असा खुलासा, त्या काळात इथल्या निम्म्या लोकांनी काय काढलंय ते तुम्हाला माहितीये, त्यावर बोलत नाही.

वाइन शॉपचं मला दर वेळी कुणीतरी विचारतं. आपल्यासारख्यांना नवीन एफएल-२ सत्तरच्या दशकापासून बंदच आहे, जुनंच हस्तांतर होतं, त्याचे भाव ऐकून कर्ज काढू नका.

नूतनीकरण. ३१ मार्चच्या आत चलन, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यावर सोडू नका, तेव्हा सगळा जिल्हा एकाच सर्व्हरवर असतो. फी गावाच्या लोकसंख्येवर ठरते. फी वाढली, व्हॅट नोव्हेंबर २०२३ ला पाच टक्क्यांचा दहा झाला, एक्साइज वाढलं, त्यासाठी आपण सगळ्यांनी १४ जुलै २०२५ ला शटर खाली ठेवली, ते दुःख मलाही आहे. पण एक लक्षात ठेवा, सुप्रीम कोर्टानं खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की दारूचा धंदा हा कुणाचा मूलभूत हक्क नाही. आपला कायदाच मुळात दारूबंदीचा आहे, १९४९ चा, आपण त्यातल्या सवलतीवर चालतो. सवलत दरवर्षी मागावी लागते, म्हणून कागद वर्षभर नीट पाहिजेत. टीपी, म्हणजे माल वाहतुकीचा पास, जपून ठेवा, माल आला त्याच दिवशी रजिस्टरला चढवा. नोकरनामा, म्हणजे कामगाराच्या नावाचा परवानगीचा कागद, प्रत्येकाचा पाहिजे, माणूस बदलला की नवीन, जुन्याच्या नावावर नवीन पोरगा उभा करू नका. आणि परमिट, गिऱ्हाइकाला दारू प्यायला लागतं ते. पाच रुपयांचं एक दिवसाचं परमिट आपण महिनाअखेरीला एका बसणीला फाडतो, ते गिऱ्हाईक समोर असताना फाडा. बियरला एकवीस, कडक दारूला पंचवीस, वय विचारताना लाजू नका. परमिट फाडायच्या निमित्तानं तेवढं तोंड तरी नीट बघितलं जातं.

घंटी वाजली. वारसांच्या प्रतिज्ञापत्राचा आणि भागीदार वाढवायच्या अर्जाचा नमुना झेरॉक्स काढून आणलाय, पन्नास प्रती आहेत. जेवणानंतर मी त्या खिडकीजवळच्या टेबलावर बसतेय. ज्यांच्या मिसेस आल्यात त्यांनी त्यांना सोबत घेऊन या, आधार कार्ड आणि लायसन्सचा मोबाइलमधला फोटो असेल तर अर्ज आत्ताच भरून देते. नावाचं स्पेलिंग सगळीकडं एकच आहे का ते तेवढं आधी बघून घ्या.