सडा : सातबारावरचा पोटखराबा

(दृश्य : ड्रोन. राजापूर तालुक्यातला सडा, मे महिना. काळा-तांबडा कातळ, मधून गेलेला एक गडगा (दगड रचून केलेलं कुंपण), लांब समुद्राची रेघ.)

मे महिन्यातला हा सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार. दुपार झाली की इथे गुरंसुद्धा थांबत नाहीत. कातळ असा तापतो की अनवाणी पाऊल टेकवत नाही. गवत वाळून उडून गेलंय. माती शोधायची तर भेगांमध्ये बोट घालावं लागतं. सातबाराच्या उताऱ्यावर अशा जमिनीची नोंद होते ‘पोटखराबा’ म्हणून. लागवडीला निरुपयोगी.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात एक खाडी ओलांडून गाडी चढणीला लागते, वर येते आणि हा सपाट कातळ सुरू होतो. मग पुढची खाडी येईपर्यंत तो सोबत असतो. बहुतेकांच्या खिडकीतून तो नुसता मागे जातो. आपण इथे उतरू या आणि पावसाळा संपेपर्यंत थांबू या.

(दृश्य : बंद पडलेली चिरेखाण. उभा काप, वरून खाली सावकाश.)

आधी दगड पाहू. खाणीने सरळ कापलेली ही भिंत सड्याचं पोट उघडं करून दाखवते. सगळ्यात वर कडक कवच. त्याखाली पिवळे, तांबडे, जांभळे डाग असलेला, मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार जांभा. आणखी खाली गेलं की पांढरट-गुलाबी चिकणमाती, नखानं खरवडता येईल इतकी मऊ. आणि तिच्याही खाली काळा बेसाल्ट.

हे चारही थर मुळात एकाच दगडाचे आहेत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचत गेले आणि दख्खनचं पठार तयार झालं. झिजून झिजून आज जे उरलंय, तेसुद्धा 5 लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. त्या काळ्या दगडावर उष्ण, दमट हवेत पाऊस पडत राहिला. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं, त्यामुळे ते किंचित आम्ल असतं. ते दगडात मुरतं आणि विरघळेल ते घेऊन जातं. कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम लवकर गेलं. सिलिका सावकाश गेली. मागे राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणजे जे पाण्याला हलवता आलं नाही ते. पावसाळ्यात भूजल वर चढतं, उन्हाळ्यात खाली उतरतं. या चढउतारात लोह जागोजाग साचतं, बाकीच्या कणांना बांधून टाकतं आणि उघड्यावर आलं की घट्ट होतं.

(दृश्य : चिरा कापण्याचं यंत्र, लाल धूळ. नंतर रचलेल्या चिऱ्यांची थप्पी.)

खाणीवर काम करणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. ताजा कापलेला चिरा मऊ लागतो. ऊनपाऊस खाल्ला की तोच कडक होतो. मलबारातल्या अंगडिपुरमला लोक अशाच विटा कापताना फ्रान्सिस बुकानन या सर्वेक्षकाने पाहिले आणि 1807मध्ये या दगडाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिलं. आपल्याकडे त्याआधी कितीतरी पिढ्या घरं, देवळं, विहिरी आणि गडगे या जांभ्यातच उभे राहत होते.

(दृश्य : पाचगणी, टेबललँडची कड. खाली कृष्णेचं खोरं.)

जांभा घाटमाथ्यावरही आहे. पाचगणीचं टेबललँड, साताऱ्याजवळचं कास, पाटणचे सडे, पन्हाळ्याजवळचं मसाई पठार. हा जांभा कोकणातल्यापेक्षा जुना. कडेला उभं राहून समोर पाहा. पलीकडच्या डोंगरांचे माथेही सपाट आहेत आणि जवळजवळ याच उंचीचे आहेत. एकेकाळी हा सगळा एकच पृष्ठभाग होता. नद्यांनी मधलं कोरून नेलं. जिथे जांभ्याचं कवच टिकलं, तिथे डोंगराचा माथा सपाट राहिला.

आणि हाच डोंगर पाऊस कुणाला किती मिळणार ते ठरवतो. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि मोकळा होतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. तिथून पाचगणी रस्त्याने जेमतेम वीस किलोमीटर, पण पाऊस निम्म्याहून कमी. घाट उतरून वाईला आलात की तो आणखी कमी. माण तालुक्यात पोचेपर्यंत 500 मिलिमीटरच्या आसपास. एकाच जिल्ह्यात, एका दिवसाच्या प्रवासात, सदाहरित रान, मग गवत, मग बाभळी आणि काटेरी झुडपं.

हे सगळं शाळेच्या भूगोलात असतं. नसतं ते सड्याचं प्रकरण. कारण सड्याने हा हिशेबच उलटा करून ठेवलाय. रत्नागिरीत 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढ्या पावसात दाट जंगल यायला हवं. सड्यावर ते येत नाही, कारण मुळं रोवायला जागा नाही. चार महिने पाण्याखाली, आठ महिने तव्यावर. इथली प्रत्येक वनस्पती या वेळापत्रकाप्रमाणे जगते.

(दृश्य : जून. मृगाचा पहिला पाऊस. कातळावरून सरकणारं पाणी. त्याच जागेची आठ दिवसांनंतरची फ्रेम.)

मिरग लागला. पहिल्या दोन-तीन सरींनी धूळ गेली, भेगांत पाणी उतरलं. तुमच्यासमोर आहे ती फ्रेम एकाच दगडाची आहे, फक्त आठ दिवसांच्या अंतराने. कॅमेऱ्याचा रंग आम्ही वाढवलेला नाही.

सगळ्यात आधी येतात कंद. भेगेतल्या चिमूटभर मातीत आठ महिने दडून बसलेले. ही कोकण दीपकाडी. पांढरी, लांब देठाची, जून-जुलैमध्ये फुलणारी. जगात ती सापडते फक्त कोकणाच्या या पट्ट्यात. त्यातही तिचं मुख्य घर रत्नागिरीच्या आसपासचे सडे. वाघ पाहायला आपण शेकडो किलोमीटर जातो. ही घराच्या मागच्या कातळावर उगवते आणि गुरं हाकायला जाणाऱ्याखेरीज कुणी तिला पाहत नाही.

(दृश्य : मॅक्रो. पाण्याचा पातळ थर, जांभळी फुलं. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली फुगा.)

आता आणखी जवळ जाऊ. जुलै-ऑगस्ट. कातळावर बोटभर माती आणि तिच्यावरून सतत झिरपणारं पाणी. या जांभळ्या फुलांना म्हणतात सीतेची आसवं. फूल नखाएवढं आणि पानं शोधावी लागतील इतकी बारीक. या झाडाचं खरं काम चाललंय मातीत. तिथे त्याचे फुगे आहेत, टाचणीच्या डोक्याहून लहान. प्रत्येक फुग्याला आत उघडणारं दार आणि दारावर केस. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव केसाला लागला की दार उघडतं, पाणी आत खेचलं जातं, जीव आत, दार बंद. पापणी लवायच्या कितीतरी आधी हे सगळं होऊन जातं. शेजारी दवबिंदू. त्याच्या पानावरच्या चिकट थेंबांवर चिलट बसलं, की पान हळूहळू त्याच्याभोवती वळतं.

झाडाने किडे का खायचे? कारण पावसाने इथला नायट्रोजन धुऊन नेलाय. मातीत अन्न नाही, म्हणून ते हवेतून आणि पाण्यातून धरायचं. सड्याची संपत्ती या गरिबीवर उभी आहे. माती सकस असती तर उंच गवत आलं असतं, त्यामागून झुडपं आली असती, आणि ही बोटभर उंचीची फुलं सावलीत गुदमरून गेली असती.

(दृश्य : एकामागून एक – गेंदाचे पांढरे गोळे, कवल्याची पिवळी फुलं, आभाळीचा निळा पट्टा, तेरडा. कास, सप्टेंबर.)

गेंद. कवला. आभाळी. तेरडा, जो कोकणात गौरीच्या दिवसांत घराघरांत जातो. कासवर सोनकी, आणि डबक्यांमध्ये दोन फाट्यांचा गुलाबी तुरा काढणारा वायतुरा, जो मुख्यतः साताऱ्याच्या पठारांवर सापडतो. सात वर्षांनी एकदा टोपली कारवी. कासच्या पठारावर फुलझाडांच्या साडेआठशेच्या आसपास जातींची नोंद आहे. 2012मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कास आहे. कोकणातला सडा नाही.

(दृश्य : कातळातलं डबकं. पाण्याखालचा कॅमेरा.)

परातीएवढं हे डबकं. खोली वीतभर. आत उताणे पोहणारे, पारदर्शक, बोटाच्या पेराएवढे जीव दिसतायत, ते कोळंबीच्या दूरच्या नात्यातले. डबकं आटलं की ते मरतात, पण त्यांची अंडी तळाच्या धुळीत कोरडी राहतात आणि पुढच्या पावसात उबतात. बेडकांची पिल्लं इथेच वाढतात. आंबोलीच्या जांभ्यावरचा एक चिमुकला भेक असल्याच उथळ पाण्यात अंडी घालतो. विज्ञानाला तो स्वतंत्र जात म्हणून माहीत झाला 2009मध्ये.

(दृश्य : सड्याची कड, खाली उतरणारी पायवाट, झरा, पोफळीची बाग.)

जाळीदार जांभ्यात मुरलेलं पाणी खाली जाता जाता त्या पांढरट चिकणमातीवर अडतं. तिथून ते आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. हा पऱ्ह्या, म्हणजे ओढा, तिथूनच निघालाय. खालची पोफळीची बाग त्याच्यावर आहे, वाडीची विहीरही. वर उभं राहून ज्याला आपण उजाड म्हणतो, त्याच्या खाली गाव पाणी भरतं.

(दृश्य : कशेळी. कातळावर कोरलेला हत्ती. वरून.)

आणि माणूस इथे नवा नाही. कशेळीच्या सड्यावरचा हा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. त्याच्या अंगात मासे, पक्षी, जनावरं कोरली आहेत. बारसू, देवीहसोळ, रुंढे तळी, उक्षी... इथल्या कातळशिल्पांमध्ये गेंडाही सापडतो, जो आज कोकणात नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या निवडक कातळशिल्पांची नावं 2022मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ही चित्रं टिकली, कारण कातळ उघडा राहिला.

(दृश्य : जेसीबी. सुरुंगाचे खड्डे. डंपरमधून ओतली जाणारी माती. आखलेली कलमं. पुढे पवनचक्क्या. पुढे ऑस्ट्रेलियन बाभळीची रांग.)

आता हे. कातळात सुरुंग लावून खड्डे, बाहेरून आणलेली माती, हापूसची कलमं. चिरेखाणी. घाटमाथ्यावर बॉक्साइटच्या खाणी, पवनचक्क्या. आणि वृक्षारोपण, तेसुद्धा पर्यावरणाच्या नावाने. ज्या कातळावर निसर्गाने झाड येऊ दिलं नाही, तिथे माती टाकून झाड लावलं की दीपकाडी जाते, सीतेची आसवं जातात, डबकी बुजतात, झऱ्याचं पाणी बदलतं. परत येत नाहीत.

आंब्यावर घर चालवणाऱ्या कोकणी माणसाशी आमचं भांडण नाही. सड्यावरची पारंपरिक शेती आम्ही पाहिली. खोलगट जागी साचलेल्या मातीत भाताची लहान खाचरं, कडेला नाचणी, बाकीचा कातळ गुरांना मोकळा. त्या शेताच्या बांधाला लागूनच गेंद फुललेला होता. दोन्ही एकत्र नांदू शकतात, हे इथे प्रत्यक्ष दिसतं. आमचा आक्षेप ‘पोटखराबा’ या नोंदीला आहे. तिच्या आधाराने हा कातळ रिकामी जागा ठरतो, आणि रिकाम्या जागेचं काय करायचं हे मग कुणीही ठरवतो.

(दृश्य : ग्रामपंचायत कार्यालय. टेबलावर उघडी नोंदवही, हाताने लिहिलेली नावं.)

जैवविविधता कायदा 2002चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही असते. याच कायद्याखाली स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून राज्य सरकार एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळची एका छोट्या माशाची जागा 2021मध्ये अशीच जाहीर झाली. सड्यासाठीही हा रस्ता मोकळा आहे. तुमच्या गावच्या नोंदवहीत सड्याचं पान आहे का, ते विचारा. नसेल तर जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला कातळावर एक फेरी मारा, गुराख्यांना सोबत घ्या, फुलांची आणि डबक्यांची त्यांच्या तोंडची नावं लिहून घ्या, तारखेसह फोटो काढा आणि ग्रामसभेत ते पान वाचून दाखवा.