कोळशाच्या एकाच थरात पारा कुठे, जर्मेनियम कुठे?

नमस्कार मंडळी! हा तुकडा बघा, थांबा, खिडकीजवळ धरते, चेंबूरला आज ऊन बरं पडलंय. मामांनी चंद्रपूरहून आणलेला दगडी कोळसा आहे. ही काचेसारखी चकाकणारी पट्टी, तिच्याखाली ही मळकट पट्टी, आणि इथे भेगेत बारीक सोनेरी चमक दिसतेय ना, ते पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक. कोळशातला आर्सेनिक आणि पारा बऱ्याचदा यातच बसलेला असतो.

आता कोळशात पारा किती विचारलं तर टनाला साधारण ०.१ ग्रॅम, ही झाली जगभरातली सरासरी. पण डाळीचं पातेलं न ढवळता वरवरची एक पळी घेतली तर हाती नुसतं पाणी येतं, तसंच आहे हे, थरात कुठे हात घातला त्यावर आकडा बदलतो. म्हणून नमुना घेताना थराच्या छतापासून तळापर्यंत उभी खाच पाडतात आणि पट्टीपट्टीचा कोळसा वेगळा तपासतात.

मला सगळ्यात आवडतं ते जर्मेनियम, धातूसारखं एक मूलद्रव्य! ते पायराइटमध्ये नाही, कोळशाच्या सेंद्रिय, म्हणजे झाडपाल्यापासून बनलेल्या भागातच अडकतं, आणि थराच्या मधल्या भागापेक्षा अगदी वरच्या आणि अगदी खालच्या कडेला जास्त सापडतं. १९३० च्या दशकात झिल्बरमिंट्स या रशियन शास्त्रज्ञाने हे दाखवलं. कारण बहुधा असं, दलदलीत साचलेल्या झाडपाल्याचाच पुढे कोळसा होतो, आणि तो गाडला गेल्यावर वरच्या-खालच्या गाळातून झिरपलेलं पाणी आधी कडेलाच पोचतं आणि जर्मेनियम तिथेच पकडलं जातं, आतपर्यंत फारसं उरतच नाही.

गंधकाचं गणित वेगळं. दलदलीवर समुद्राचं पाणी आलं की त्यातल्या सल्फेटमुळे, म्हणजे गंधकाच्या क्षारांमुळे, कोळशातलं गंधक वाढतं. आसामच्या कोळशात म्हणूनच गंधक भरपूर, आणि आपल्या चंद्रपूरकडच्या गोंडवाना कोळशात सहसा १ टक्क्याच्या आत, राख मात्र ३०-४० टक्के!

आणि जाळल्यावर? आर्सेनिक, सेलेनियम वाफ होऊन वर जातात आणि धूर थंड होताना राखेच्या सगळ्यात बारीक कणांवर चिकटतात, त्यातले काही फिल्टरमधून निसटतात आणि आपल्या फुप्फुसात खोलवर जातात. पारा तर बराचसा वाफेच्याच रूपात चिमणीबाहेर पडतो. कोळसा आधी धुतला तर पायराइटचे मोठे कण जड म्हणून खाली बसतात, त्यांच्याबरोबर थोडा आर्सेनिक आणि पाराही निघतो. पण ह्या भेगेतलं हे केसाएवढं पायराइट, ते धुऊन नाही निघत.