दोन साच्यांचे तीन झाले तेव्हा

[पडद्यावर: जुन्या गिरणीचं विणकाम खातं, कृष्णधवल छायाचित्र. मागांची खडखड, हळूहळू मागे सरते.]

विसावं शतक उजाडलं आणि मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले. तोवर गिरणीचं घड्याळ म्हणजे सूर्य. उजाडलं की भोंगा, अंधारलं की सुट्टी. दिवे आले आणि गिरण्या चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास चालू लागल्या. सूत वाढलं, कापड वाढलं. कामगाराचे तास वाढले. 1905 साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी या वाढीव तासांविरुद्धच काम बंद केलं. कापड गिरणीतल्या पुरुष कामगाराला दिवसाला बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा यायला 1911 साल उजाडलं.

यंत्र सुधारलं की माल वाढतो. त्या वाढीतला हिस्सा कामगाराला आपोआप मिळतो का, या प्रश्नाचं उत्तर लालबाग-परळने गेल्या शतकात इतक्या वेळा दिलंय, की अर्थशास्त्राचं पुस्तक उघडण्याआधी गिरणगावात एक फेरी मारावी.

[पडद्यावर: गिरणीचं फाटक, पाळी सुटल्याची गर्दी.]

पहिल्या महायुद्धानंतर गिरण्यांना पैसा दिसला, आणि कामगारांना वर्षाकाठी बोनस मिळू लागला. 1923 मध्ये मालकांनी तो बंद केला. धंदा बसलाय, म्हणाले. 1924 च्या जानेवारीत सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सरकारने मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा निष्कर्ष असा, की बोनसवर कामगारांचा ना कायद्याने हक्क, ना रूढीने. म्हणजे नफा झाला तर त्यातलं द्यायचं की नाही, ही मालकाची मर्जी. संप मोडला.

पण खरा पेच पडला तो चार वर्षांनी.

[पडद्यावर: एका मागाचं जवळून दृश्य. धोटा इकडून तिकडे. एक धागा तुटतो.]

मागाला गिरणगावात साचा म्हणत. मुंबईचा विणकर दोन साचे बघायचा. बघायचा म्हणजे काय, तर धोट्यातली, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या तुकड्यातली, सुताची कांडी संपली की नवी भरायची, ताण्याचा म्हणजे उभा धागा तुटला की साचा थांबवून तो सांधायचा, आणि पुन्हा चालू. हे करताना दुसऱ्या साच्यावर एक डोळा. मालकांचं म्हणणं होतं, इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांतला विणकर चार-चार, सहा-सहा साचे सांभाळतो, जपानी गिरण्या आपल्या पुढे चालल्यात, चीनची सुताची बाजारपेठ हातची गेली. मग मुंबईवाला दोनांवरच का अडून? म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. कामगारांचं उत्तरही खोटं नव्हतं: लँकेशायरचं सूत द्या, मग लँकेशायरचं काम मागा. आखूड धाग्याच्या कापसाचं सूत घडीघडीला तुटतं, आणि तुटलेला प्रत्येक धागा सांधायला माणसाचे हात लागतात.

ससून गटाच्या गिरण्यांनी विणकराला दोनाऐवजी तीन साचे द्यायला सुरुवात केली. कताई खात्यात सूत कातणाऱ्या यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू एकाच माणसाकडे.

आता जरा आकडे मांडू. आकडे समजण्यापुरते, नावाला घेतलेले. हिशेब मात्र खरा. सहा साचे आहेत. दोन-दोन साच्यांवर तीन विणकर, प्रत्येकाची कमाई 100. मजुरीचा एकूण खर्च 300. आता तीन-तीन साचे केले. विणकर उरले दोन. काम दीडपट झालं, म्हणून प्रत्येकाने 150 मागितले, तर खर्च तेवढाच, 300. मालक म्हणणार, मग मी हा खटाटोप केला कशाला? म्हणून मजुरीचा दर उतरवायचा आणि दोघांना 125 द्यायचे. खर्च 250. मालकाचे 50 वाचले. दोघांच्या खिशात पंचवीस-पंचवीस जास्त, अंगावर काम दीडपट. आणि तिसरा? तो रोज सकाळी फाटकावर बदली म्हणून उभा राहणार. आज कोणी खाडा केला तर काम, नाहीतर परत खोलीवर. मालकाच्या वहीत याला काटकसर म्हणतात. तिसऱ्याच्या शंभराची नोंद त्या वहीत कुठेच नसते, आणि माझ्या मते अख्खा वाद त्या न लिहिलेल्या ओळीचा आहे.

[पडद्यावर: 1928 च्या सभेचं छायाचित्र.]

1928 च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्या थांबल्या त्या थेट ऑक्टोबरात सुरू झाल्या. सहा महिने. पुढारी ना. म. जोशी, डांगे, मिरजकर, निंबकर आणि खुद्द खात्यांतून आलेले आळवे, कासले. संप समितीच्या मागण्या सतरा. सहा महिने पगार नाही म्हटल्यावर माणसं गावाकडे गेली. कोकणातल्या, घाटावरच्या शेताच्या तुकड्याने हा संप जगवला, हे विसरता येत नाही. शेवटी तडजोड म्हणून फॉसेट समिती, सरकारने नेमलेली चौकशी समिती, बसली. तिचा अहवाल 1929 च्या मार्चमध्ये आला. त्याच महिन्यात डांगे, मिरजकर, निंबकर, आळवे, कासले यांना कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरच्या मीरत कट खटल्यात अटक झाली.

या संपाची एक बाजू गौरवगाथांत बहुधा गाळली जाते. विणकाम खात्यात कमाई बरी होती, आणि तिथे दलित कामगाराला प्रवेश नव्हता. कारण? कांडी बदलताना धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. सवर्ण विणकरांना हा विटाळ वाटे. मालकाकडे न्याय्य वाटा मागणारे हेच लोक, आणि शेजारच्या कामगाराला तीन साच्यांच्या वादात पडायलाही साच्यापर्यंत पोचू देत नव्हते. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या वेळीच पुढाऱ्यांसमोर ठेवला. वाट्याची गोष्ट फक्त मालक आणि मजूर यांच्यात संपत नाही ती इथे.

[पडद्यावर: हिशेबाची जुनी वही. आकड्यांवरून कॅमेरा सरकतो.]

स्वातंत्र्यानंतर मर्जीची जागा सूत्राने घेतली. 1950 साली लेबर अपिलेट ट्रिब्युनलने, म्हणजे कामगार-वादांच्या अपिली न्यायाधिकरणाने, मुंबईच्याच गिरण्यांच्या वादात बोनसचा हिशेब ठरवून दिला. नफ्यातून आधी घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेची रक्कम, काढा, यंत्रं बदलण्यासाठी राखीव निधी काढा, भागभांडवलावर 6 टक्के परतावा काढा. मग जे उरेल त्यात कामगाराचा हिस्सा. रांगेत शेवटचा का होईना, कामगार आता वहीत आला.

1965 चा बोनस कायदा यातूनच घडला. वजावटी जाऊन उरलेल्या रकमेचे 60 टक्के कामगारांना, काही कंपन्यांत 67. पण वर 20 टक्क्यांची कमाल. खाली किमान आधी 4 टक्के, पुढे 8.33, म्हणजे वर्षाकाठी एका महिन्याचा पगार. आता यातली मेख बघा. 2015 च्या दुरुस्तीनुसार हे टक्के पूर्ण पगारावर नव्हते. महिना 7,000 रुपये किंवा किमान वेतन, यात जे जास्त असेल त्यावर ते मोजले जायचे. 7,000 धरले तर कमाल बोनस वर्षाला 16,800. कंपनीचं उत्पादन दुप्पट होवो, तिप्पट होवो, कायद्याची कमाल तिथेच. या कायद्याची जागा घेणाऱ्या 2019 च्या वेतन संहितेतही 8.33 आणि 20 हे दोन आकडे तसेच राहिले. नफ्याला मात्र कमाल नाही.

[पडद्यावर: बंद फाटक, गंजलेलं कुलूप.]

1982 चं सांगायला वेगळी फिल्म लागेल. 18 जानेवारीला सुरू झालेला तो संप, दत्ता सामंतांचं नेतृत्व, अडीच लाखांच्या घरात कामगार. ठिणगी आधीच्या दिवाळीच्या बोनसवरूनच पडली होती. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. माग भिवंडीकडे सरकले, आणि गिरण्यांच्या जमिनीचा भाव कापडाच्या भावाला मागे टाकून गेला. ती किंमत ज्यांच्या वस्तीने वाढवली त्यांचा त्यातला वाटा म्हणजे म्हाडाच्या घरांची सोडत.

[पडद्यावर: उद्योगांच्या वार्षिक पाहणीचा आलेख.]

देशभरचा आकडा एकच सांगतो, कारण तो पुरेसा बोलका आहे. नोंदणीकृत कारखान्यांत निर्माण होणाऱ्या निव्वळ मूल्यात, म्हणजे मालाच्या किमतीतून कच्चा माल, झीज वगैरे वजा जाऊन उरतं त्यात, कामगारांच्या वेतनाचा वाटा 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे 30 टक्के होता. 2007-08 च्या सुमारास तो 10-11 टक्क्यांच्या आसपास आला, पुढे थोडा सावरला. यंत्रं महाग झाली, भांडवल जास्त लागलं, हे खरंच. पण याच काळात कारखान्यांतला कंत्राटी कामगार वाढत वाढत आज दर दहात चारांवर पोचलाय. फाटकावरचा बदली आता ठेकेदाराच्या यादीत आहे, आणि ज्या कंपनीत तो राबतो, तिच्याशी भाव करायला त्याच्याकडे संघटना क्वचितच असते.

[पडद्यावर: भिवंडी. पत्र्याचं छत, अरुंद बोळ, यंत्रमागांची खडखड पूर्ण आवाजात.]

भिवंडीत यंत्रमागावरचा कामगार बहुधा उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला. एकटा चार, सहा, आठ माग बघतो. मजुरी कापडाच्या मीटरवर. वीज गेली की माग थांबतो, मजुरीही थांबते. जुने माग भंगारात जाऊन बिनधोट्याचे वेगवान माग येतायत. त्यांच्यावर एकाच माणसाकडून कितीतरी जास्त मीटर निघतात, म्हणून मीटरचा दर नव्याने ठरतो. तो कारखानदार ठरवतो. कारखानदाराचा दर सूत देणारा व्यापारी ठरवतो. कामगार ज्याच्याशी भांडेल, त्याच्या हातातही फारसं काही नसतं.

पाळी बारा तासांची आहे. 1911 च्या कायद्यात होती तेवढीच.