बाईंची नोंदवही

(दृश्य: सावळघाट, सकाळ. रिकामी पाऊलवाट, शाळेचे पत्रे.)

सावळघाट ओलांडून नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात शिरले की एप्रिलच्या अखेरीस पाने गळालेले साग आणि तापलेले उघडे डोंगर दिसू लागतात. त्यांतील एका उतारावर जिल्हा परिषदेची ही दोनशिक्षकी शाळा आहे. सकाळची शाळा सुटून मुले घरी गेली आहेत. तिसरी आणि चौथीचे वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या बाई मात्र अजून खुर्चीतून उठलेल्या नाहीत.

त्यांच्यासमोर मूल्यमापनाची नोंदवही उघडी आहे. महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले आणि तिसरी-चौथीसाठी शंभरपैकी साठ गुण आकारिक म्हणजे शिकत असताना होणाऱ्या, तर चाळीस गुण संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणाऱ्या मूल्यमापनाला देण्यात आले. सत्राअखेरच्या लेखी पेपरापेक्षा, निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशा साधनांनी वर्षभर पाहिलेले मूल अधिक मोलाचे, असा त्याचा सरळ अर्थ आहे. गुणांची बेरीज करून श्रेणी देणे हे काम तासाभराचे असते. वेळ लागतो तो वर्णनात्मक नोंदींना. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक अशा रकान्यांत प्रत्येक मुलाविषयी, मराठी आणि गणितापासून कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणापर्यंत सातही विषयांत, शिक्षकाने स्वतःच्या शब्दांत लिहायचे असते. या वर्गाच्या पटावर एकोणीस मुले आहेत, म्हणजे एका सत्रात 133 नोंदी.

(दृश्य: लेखणीचे टोक, वहीचे पान.)

‘खडे हाताळू दिले की वजाबाकी बरोबर करतो, पाटीवर दशक सुटा करताना अडतो.’ ‘घरी कोकणा बोलीत बोलते, यंदा प्रथमच वर्गापुढे उभी राहून मराठीत संपूर्ण गोष्ट सांगितली.’ ‘झाडांची नावे पानांवरून ओळखतो, ती लिहिताना मात्र जोडाक्षरे चुकवतो.’

अशा नोंदींचे तयार संच बाजारात विकत मिळतात आणि मोबाईलवरही फिरत असतात. त्यांतील वाक्ये उतरवून घेतली तर हे काम एका दुपारी उरकते. बाई तसे करीत नाहीत, आणि ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण उतरवलेल्या वाक्यात मूल सापडत नाही. जूनमध्ये पुढच्या वर्गाच्या शिक्षकाने हे पान उघडले, तर त्या मुलाला पहिल्याच दिवशी पाटीऐवजी खडे द्यावेत, एवढे त्याला समजते. मुलाविषयी दहा महिन्यांत जमलेली ही माहिती शाळेत दुसऱ्या कोणत्याही कागदावर नसते.

(दृश्य: भिंतीवरून तक्ते उतरवणे. तांदळाची गोणी काट्यावर.)

नोंदी संपल्या की इतर आवराआवर सुरू होते. वाचनपेटीतील पुस्तके मोजली जातात, पोषण आहाराचा उरलेला तांदूळ तोलून साठा नोंदवहीत लिहिला जातो, चौथीच्या मुलांचे दाखले जनरल रजिस्टरवरून ताडून पाहिले जातात. शाळा चौथीपर्यंतच असल्याने ही मुले पाचवीसाठी शेजारच्या गावी जातील. नोंदवही इथल्या कपाटात राहील.

(दृश्य: 1 मे. ध्वजवंदन, त्यानंतर निकालवाटप. निवेदन नाही, मूळ आवाज.)

आज चार प्रगतिपुस्तके न्यायला कोणी आलेले नाही. दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत काढणीनंतर खरड छाटणीचे, म्हणजे वेलींच्या जुन्या काड्या छाटण्याचे, काम निघते, आणि त्यासाठी तिकडेच थांबलेल्या आईवडिलांबरोबर ही चार मुले आहेत. बाईंनी चारही पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींच्या हाती दिली आहेत. मावशी गावातच राहतात.

(दृश्य: वर्गाचे दार, कडी, कुलूप.)