प्रश्नानंतरचे तीन सेकंद

(दृश्य : फळ्यावर दोनच संख्या. ०.५ आणि ०.३५.)

यातली मोठी कोणती?

बाईंनी विचारलं आणि शेवटच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "पॉइंट पस्तीस!" बाई म्हणाल्या, "चूक. तू सांग गं." पुढचीनं बरोबर सांगितलं, पान उलटलं. शेवटच्या बाकावरचा हात पुन्हा वर गेला नाही. कॅमेरा तासभर तिथंच होता.

(दृश्य : दुसरा वर्ग.)

तोच प्रश्न, तीच चूक. सर खडू मुलीच्या हातात देतात. "कसं ते दाखव."

हे दृश्य लांबलंय, पण आम्ही कापलं नाही. ती पस्तीस लिहिते, खाली पाच. पस्तीस मोठे, तिच्या दृष्टीनं विषय संपला. सर गप्प. मग म्हणतात, "दहा सारख्या घरांची पट्टी काढ. आणखी एक, तेवढीच." पहिल्या पट्टीत पाच घरं रंगतात. दुसरीत तीन रंगतात, चौथ्याशी खडू अडतो. सर अजून गप्पच. ती अर्धंच घर रंगवते, दोन पावलं मागे सरते आणि दोन्ही पट्ट्यांकडे बघत राहते.

बाई वाईट शिकवतात असं मुळीच नाही. चूक मनात ठसण्याआधी पुसावी, असं त्यांना मनापासून वाटतं. सरांना वाटतं, चुकीतूनच मुलाचा विचार दिसतो. गंमत म्हणजे, शिक्षण कसं असावं असं विचारल्यावर दोघांनी एकच उत्तर दिलं : विद्यार्थिकेंद्रित!

असं वाटणं येतं कुठून? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये त्यावर बोट ठेवलं. शिक्षक होण्याआधी माणूस हजारो तास विद्यार्थी म्हणून शिक्षकांना बघत बसलेला असतो. ही नकळत झालेली उमेदवारी, प्रशिक्षण त्यानंतरचं.

(दृश्य : रांगेतली बाकं. मग भिंतीला सरकवलेली बाकं.)

१८९६ मध्ये शिकागोत प्रयोगशील शाळा काढणारे अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई एकदा मुलांसाठी बाकं शोधत दुकानं पालथी घालत होते. शेवटी एका दुकानदारानंच नेमकं ओळखलं : तुम्हाला मुलांनी काम करायची बाकं हवीत, आमच्याकडची सगळी ऐकायची आहेत.

आणि ते सरांचं गप्प राहणं? अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गातल्या ध्वनिफिती तपासल्या. १९७४ मध्ये त्यांनी मांडलं की प्रश्न विचारून शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं.

सरांचा धडा मात्र दोन पानं मागे आहे.

(दृश्य : घंटा. रिकामा होणारा वर्ग.)

फळ्यावर दोन पट्ट्या तशाच. पुढच्या तासाचे शिक्षक आत येतात, डस्टर शोधतात.