वर्ग, रियाज, मोर्चा आणि हौशी रंगमंच

हौशी नाटकमंडळीत माणसं दिवसभराचं काम आटोपून तालमीला येतात. त्यांत शिकवणारे असतात, गाणारे असतात, चळवळीतले असतात आणि ही तिन्ही कामं केलेला एखादाही असतो. ‘आवाज तयार आहे, लोकांची भीती मोडलेली आहे’ म्हणून त्याला मोठी भूमिका मिळते. मात्र पहिल्या आठवड्यात कामाला आलेली सवयच पुढे आडवी येते, म्हणून या सवयी तालमीतच तपासायला हव्यात.

शिक्षकाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो आणि समोरच्यांचं लक्ष उडालं की त्याला लगेच कळतं. ही मोठी कमाई आहे. पण त्याला समजावून सांगायची सवय असते, त्यामुळे प्रत्येक शब्दावर जोर येतो आणि प्रत्येक वाक्याला हात हलतो. यावर उपाय म्हणजे दर वाक्यात एकच शब्द अधोरेखित करायचा आणि बाकीचे सरळ बोलायचे. दुसरा दोष ऐकू येत नाही म्हणून जास्त घातक. वर्गात शिक्षक वाक्याचा शेवट सोडून देतो, मुलं तो पूर्ण करतात. मराठीत क्रियापद आणि नकार शेवटीच येतात. ‘मी ते पत्र वाचलं नाही’ यातला ‘नाही’ गिळला, तर मागच्या रांगेला उलटाच अर्थ पोचतो. असं वाक्य शेवटाकडून बसवावं: आधी ‘नाही’, मग ‘वाचलं नाही’, मग ‘पत्र वाचलं नाही’. श्वास कुठे घ्यायचा तेही तेव्हाच ठरवायचं, कारण शेवट बुडतो तो बहुतेकदा श्वास संपल्यामुळे.

इथे गाणारा उपयोगी पडतो. संहितेत पेन्सिलीनं एक तिरकी रेघ म्हणजे छोटा श्वास, दोन म्हणजे पूर्ण, ही खूण त्यानं सगळ्यांना शिकवावी. हशा आला की तो पूर्ण विरायची वाट पाहू नये. ओसरायला लागला की पुढचं वाक्य उचलावं, हे लयीचा कान असलेल्याला लवकर जमतं. त्याची अडचण वेगळी: वाक्याला एकदा चाल लागली की ती सुटत नाही. समोरच्या नटानं मुद्दाम हळू आवाजात बोलावं. उत्तर जुन्याच चालीत आलं, तर हा ऐकत नाही असं समजा. मग दोघांना पाठीला पाठ लावून बसवा आणि तोच प्रवेश अर्ध्या लयीत, नंतर दुपटीत, अभिनयाशिवाय म्हणायला लावा.

चळवळीतल्या माणसाच्या गळ्याची काळजी आधी घ्या. घोषणा उंच पट्टीत, गळा ताणून दिल्या जातात आणि स्वरतंतू जोरात आपटून सुजतात. त्या दिवशी मोठ्यानं तालीम नको. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, त्यानंही ताण येऊ शकतो. स्ट्रॉचं टोक पाण्यात बोटभर बुडवून तीन-चार मिनिटं हलका हुंकार सोडावा, त्यानं गळा मोकळा होतो. घोगरेपणा तीन आठवडे टिकला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं.

तिन्ही सवयींची खरी परीक्षा फोरम थिएटरमध्ये होते. ब्राझीलच्या आउगुस्तो बोआल (१९३१–२००९) यांनी हा प्रकार रुजवला. १९९३ ते १९९६ या काळात ते रिओच्या नगरपरिषदेत होते, तेव्हा अशा प्रयोगांतून आलेल्या सूचनांवरून तिथे कायदेही झाले. अन्याय सुटत नाही असा छोटा प्रसंग आधी पूर्ण दाखवतात. मग तोच पुन्हा सुरू होतो. प्रेक्षक ‘थांबा’ म्हणतो आणि पिडलेल्या पात्राच्या जागी येऊन दुसरा मार्ग करून पाहतो. मंच आणि प्रेक्षक यांच्यामधला दुवा असतो जोकर, म्हणजे प्रयोग चालवणारा सूत्रधार.

शिक्षक जोकर झाला की उत्तर सांगून टाकतो, कार्यकर्ता आपल्या बाजूच्या उत्तराला टाळ्या मिळवून देतो. जोकरनं फक्त विचारायचं: ‘हे प्रत्यक्षात चालेल का? कुणाला वेगळं सुचतंय?’ जुलमी पात्र करणाऱ्यावरही मोठी जबाबदारी असते. प्रेक्षक मंचावर आला की त्याला बरं वाटावं म्हणून हा पटकन नमतो, आणि तिथेच प्रयोग बिघडतो. त्यानं खऱ्या आयुष्यातला माणूस अडेल तितकंच अडायचं. त्यासाठी कार्यकर्त्यालाच तालमीत ही भूमिका द्या आणि विरोधकाची सर्वांत भक्कम बाजू आधी लिहून काढायला लावा.