अमावस्येचा चंद्र आणि कुत्र्याची छत्री

(इंदूरला रामबागेत आषाढात झालेलं व्याख्यान. रेकॉर्डिंगवरून उतरवलंय, थोडं नीटनेटकं केलंय, बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय.)

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात इतके जण आलात म्हणजे एकतर विषय विचित्र वाटला असणार, नाहीतर नंतर साबुदाण्याची खिचडी आहे हे कळलं असणार. दोन्ही चालेल.

परवा आपली दिव्यांची आवस. आणि त्याच दिवशी शेजारच्या हिंदी घरात हरियाली अमावस्या. इंदूरच्या मराठी माणसाला हा गोंधळ जन्मापासून सवयीचा आहे, बाहेर सगळीकडे सावन लागलेला असतो, सावन सोमवारचे उपास सुरू झालेले असतात, आणि आपल्या घरात आई म्हणते अजून आषाढच चालू आहे, श्रावणाला वेळ आहे. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला, त्यामुळे कृष्ण पक्षात महिन्याचं नाव बदलतं आणि शुक्ल पक्षात परत एकच होतं. अमावस्या मात्र दोघांची एकच, आकाशात काही दोन चंद्र नाहीत.

पण यात एक गोष्ट लक्षात घ्या, माझं पुढचं सगळं बोलणं त्याच्यावर उभं आहे. आपल्या पंचांगात अमावस्या ही महिन्याची शेवटची तिथी. शेवटची, पहिली नाही.

आता हे जरा हिशोबाने बघू, घाबरू नका, फार नाही. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते, ३६० अंशात ३० तिथ्या. अमावस्या म्हणजे ३४८ ते ३६० अंश, चंद्र मागून सूर्याला गाठत असतो आणि ज्या क्षणी गाठतो, दोघं एका अंशावर येतात, त्या क्षणी अमावस्या संपते. संपते! आणि प्रतिपदा लागते. म्हणजे ज्याला इंग्रजीत न्यू मून म्हणतात तो क्षण म्हणजे आपल्या अमावस्येचं शेवटचं टोक.

आता आमच्या नाती-पुतण्या इन्स्टाग्रामवर बघतात ना, न्यू मूनला मेणबत्ती लावा, वहीत इच्छा लिहा, मॅनिफेस्ट करा, नवीन सुरुवात करा. त्याचा एक धागा कुठे जातो? डेन रुध्यार नावाचे एक पॅरिसला जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले ज्योतिषी होते, त्यांनी चांद्रमासाचे ४५-४५ अंशांचे आठ टप्पे पाडले, पहिला टप्पा शून्य ते ४५ अंश, तो बीजाचा, सुरुवातीचा. पण शून्य ते ४५ म्हणजे आपल्या हिशोबाने काय झालं? प्रतिपदा ते चतुर्थी! आपली अमावस्या त्यांच्या पहिल्या टप्प्यात येतच नाही, ती येते आठव्या, शेवटच्या टप्प्यात, जिथे ते स्वतःसुद्धा सोडून देण्याचं बोलतात. मग आपली पोरं अमावस्येच्या रात्री वहीत नवीन वर्षाचे संकल्प लिहितात आणि आजी ओरडते, अगं आज अमावस्या, आज काय नवीन करतेस. दोघी आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त घड्याळ वेगळं आहे.

आणि बघा, आपल्याकडे नवीन सुरुवातीचे दिवस कोणते? गुढीपाडवा, चैत्र शुद्ध प्रतिपदा. दिवाळीचा पाडवा, कार्तिक शुद्ध प्रतिपदा, गुजराती लोकांचं वर्षच त्या दिवशी बदलतं. घटस्थापना, आश्विन शुद्ध प्रतिपदा, सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी आपण पत्रावळीवर माती पसरून धान्य पेरतो. पेरणी प्रतिपदेला. मग आदल्या दिवशी काय? आदल्या दिवशी पितर, आदल्या दिवशी झाडू. हो, लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणी आणून तिला हळदीकुंकू वाहतो, एवढ्या झगमगाटात सुद्धा अमावस्येचं काम कोणाकडे आहे तर केरसुणीकडे. उज्जैनला त्रिवेणीवर शनिश्चरी अमावस्येला गेलात तर दिसेल, लोक आंघोळ करतात आणि जुने कपडे, चपला घाटावरच सोडून निघतात, ढीग पडतात नुसते. आपल्या मंडीत हम्माल लोक अमावस्येला सुट्टी घेतात. म्हणजे आवरायचं, टाकायचं, थांबायचं.

म्हणून मला वाटतं की अमावस्येला बीजाचं चिन्ह देणं हे चुकीच्या दाराला कुलूप लावल्यासारखं आहे. बीज प्रतिपदेचं. अमावस्येला चिन्ह द्यायचंच असेल तर ते बुरशीचं द्या.

(हसू) हसताय तुम्ही. वहिनी, तुम्ही नाक मुरडलंत ते दिसलं मला.

मी आयुष्यभर बॉटनी शिकवली आणि घरात पंचांग वाचायची सवय आजोबांपासून, त्यामुळे ही दोन कपाटं माझ्या डोक्यात शेजारी-शेजारीच आहेत. आपण बुरशी म्हटलं की लोणच्यावरची पांढरी साय आठवतो, नाहीतर पावसात उकिरड्यावर उगवणारी कुत्र्याची छत्री. पण ती छत्री म्हणजे फक्त फळ. खरा जीव खाली, केसापेक्षा बारीक तंतूंचं जाळं, मायसेलियम, मातीत, लाकडात, पाचोळ्यात. वरून काही दिसत नाही. अमेरिकेत ओरेगॉनच्या एका जंगलात आर्मिलेरिया नावाची एकच बुरशी साडेनऊ चौरस किलोमीटरच्या वर जमिनीखाली पसरलेली आहे, लोक तिच्या डोक्यावरून चालत गेले आणि कोणाला कळलं नाही. आणि हिला आपण बरीच वर्षं वनस्पती समजत होतो, मला स्वतःला कॉलेजात तसंच शिकवलं होतं. व्हिटेकर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या तेव्हा बुरशीला स्वतंत्र घर मिळालं. ती स्वतः अन्न करत नाही, तिच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, तेच जे झुरळाच्या पाठीवर असतं.

आणि तिचं काम काय? मेलेलं मोडून परत मातीला देणं. लाकडात लिग्निन म्हणून एक फार चिवट पदार्थ असतो, तो पूर्ण मोडण्यात लाकूड कुजवून पांढरं करणाऱ्या बुरशीचा हात धरणारं दुसरं कोणी नाही. ती नसती तर पडलेली झाडं पडूनच राहिली असती एकावर एक. सर्वपित्रीचं काम आहे हे, गेलेल्यांना रीतसर पोचवणं.

तुमच्यापैकी ज्यांनी धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मश्रूम, लावली असेल घरी त्यांना ठाऊक असेल. गव्हाचा भुसा रात्रभर भिजवायचा, गरम पाण्यातून काढून निथळायचा, हातात दाबला तर थेंब पडता कामा नये पण हात ओला झाला पाहिजे, मग पिशवीत थरावर थर, मधे मधे स्पॉन, म्हणजे बुरशीचं बियाणं, तोंड बांधायचं, भोकं पाडायची आणि अंधाऱ्या खोलीत टांगून द्यायची. पंधरा-वीस दिवस. सुरुवातीला वाटतं फुकट गेलं सगळं. मग एका कोपऱ्यात पांढरं धरतं, हळूहळू पिवळा भुसा दिसेनासा होतो, आणि शेवटी पिशवीचा असा ठोकळा होतो की बोटाने दाबलं तर दबत नाही. या काळात जो उत्साही माणूस रोज पिशवी उघडून बघतो त्याच्या पिशवीत हिरवी बुरशी शिरते, ट्रायकोडर्मा, आणि ती पिशवी जाते खोलीबाहेर. अंधाराचे दिवस पुरे झाले की मग उजेड द्यायचा, हवा मोकळी सोडायची, पाण्याचा फवारा, आणि टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसायला लागतात.

आता कोणीतरी म्हणणार, ताई, कृष्ण पक्ष पण पंधरा दिवसांचा! थांबा. तेवढं ओढू नका. भूछत्र उगवायला चंद्र लागत नाही, ओल लागते, तापमान लागतं. अमावस्येला जास्त उगवतात असं मी म्हणत नाही आणि कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. मी चिन्हाबद्दल बोलतेय, कारणाबद्दल नाही. पत्रिका बघणाऱ्यांनी या दोन गोष्टींत घोळ घातला की मग माणसं घाबरतात.

घाबरण्यावरून सांगते. शास्त्रात अमावस्येचा चंद्र क्षीण, पक्षबल, म्हणजे कलेवरून मोजलेली ताकद, जवळजवळ नाही, चंद्र म्हणजे मन, तर मन दुबळं, आणि मूल अमावस्येला जन्मलं की दर्शशांती करा. हे ग्रंथात आहे, नाही कसं म्हणू. पण या एका वाक्यावर किती मुलींची लग्नं अडवून ठेवली लोकांनी. चंद्र सूर्याजवळ आहे म्हणजे दिसत नाही, म्हणजे मन बाहेर दिसत नाही. आतल्या आत चाललेलं असतं. अशी माणसं तुम्ही बघितली असतील, बोलत नाहीत, आणि एक दिवस एकदम तयार होऊन समोर येतात. दुबळं हा शब्द त्याला मी तरी लावणार नाही. शांती करायची तर करा, त्यात काही वाईट नाही, पण पोरीला सांगत बसू नका.

बरं, मूळ प्रश्न. अमावस्येला चंद्र जातो कुठे? याचं एक फार सुंदर उत्तर शतपथ ब्राह्मणात आहे. तिथे म्हटलंय की चंद्र हाच राजा सोम, देवांचं अन्न, आणि ज्या रात्री तो पूर्वेलाही दिसत नाही, पश्चिमेलाही दिसत नाही, त्या रात्री तो या लोकात येतो आणि पाण्यात आणि वनस्पतींमध्ये शिरतो. खाली आलेला असतो तो! विष्णुपुराणात पुढे याच धाग्यावर सांगितलंय की चंद्र वेलींमध्ये असताना जो झाड तोडतो, एक पान जरी पाडतो, त्याला ब्रह्महत्येचं पाप. आणि आपल्या माळव्यात हरियाली अमावस्येला लोक झाडं लावतात. कुठून कुठे आलं बघा.

सोमावरून बुरशीत उडी मारणारे एक गृहस्थ होऊन गेले, गॉर्डन वॉसन. पेशाने बँकर, न्यूयॉर्कचे. त्यांनी १९६८ मध्ये पुस्तक काढलं की वेदातला सोम म्हणजे लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेलं ते मश्रूम, अमानिता मस्कारिया. त्यांचा मुद्दा असा की ऋग्वेद सोमाची मुळं सांगत नाही, पानं सांगत नाही, फूल सांगत नाही. हुशार मुद्दा आहे. पण केंब्रिजचे संस्कृतचे प्रोफेसर जॉन ब्रफ यांनी १९७१ मध्ये त्यावर खरपूस टीका केली, आणि मला विचाराल तर मला पण वॉसन पटत नाहीत. हे मश्रूम भूर्ज आणि पाइनच्या मुळांशी भागीदारी करूनच जगतं, म्हणजे तशी झाडं नाहीत तिथे ते मिळणारच नाही, हे एक, आणि दुसरं म्हणजे ज्या समाजात मनुस्मृती लसूण-कांद्याच्या ओळीतच कवक घालून सांगते की द्विजाने हे खाऊ नये, तिथे तेच मश्रूम आधी देवाचं पेय होतं हे सिद्ध करायला जास्त पुरावा लागेल. पण गंमत अशी की सुश्रुत संहितेत भाज्यांमध्ये यांची नोंद आहे, पेंढ्यावर उगवणारी, उसाच्या चिपाडावरची, शेणावरची, बांबूवरची, जमिनीतली, अशी जागेप्रमाणे वर्गवारी. वैद्य लोक वर्ज्य गोष्टी पण नीट बघत होते.

आणि वर्ज्य म्हणणाऱ्या घरांत काय चाललंय? वहिनी, तुमच्या गोडा मसाल्यात दगडफूल असतं की नाही? असणारच, त्याशिवाय आमटीला तो वास येत नाही. ते काळपट, कुरकुरीत, एका बाजूने राखाडी, हातात चुरडलं की मातीचा वास येणारं. ते फूल नाही. ती बुरशी आहे. (आवाज) हो, खरंच! म्हणजे अर्धी बुरशी. बुरशी आणि शेवाळ दोघं एका अंगात राहतात, लायकेन म्हणतात त्याला, स्विस शास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकात हे मांडलं तेव्हा लायकेनवाले लोक त्यांच्यावर चिडले होते. शेवाळ उन्हातून अन्न करतं, बुरशी ओल धरून ठेवते आणि आसरा देते. एक सूर्याचं, एक चंद्राचं, आणि दोघं एकाच घरात इतके मिसळलेले की बाहेरून बघणाऱ्याला एकच वस्तू दिसते. अमावस्या संपते त्या क्षणाची कुंडली मांडा, सूर्य-चंद्र एका राशीत, एका अंशावर. मला तरी याच्याइतकं चपखल चित्र सापडलं नाही, आणि ते राजवाड्याजवळ किराण्याच्या दुकानात पुडीत मिळतं.

एक शेवटचं, हे माझं मनाचं आहे, पुरावा मागू नका. दिव्यांच्या आवसेची कहाणी सगळ्यांना येते, सून चोरून खाते, उंदरांवर आळ घालते, उंदीर तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात टाकतात, तिला घराबाहेर काढतात. मग अमावस्येच्या रात्री गावातले दिवे झाडावर येऊन बसतात आणि गप्पा मारतात, आणि खाली थांबलेला राजा ऐकतो. आता भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात काय दिसतं? कुजलेल्या लाकडावर, फांद्यांवर हिरवट उजेड. मायसिना जातीची बुरशी चमकते. उजेड इतका मंद की चांदणं असेल तर डोळ्याला कळत नाही, बघायला जाणारे लोक अमावस्येच्या आसपासच्या रात्री धरतात. पावसाळा, अमावस्या, झाडावर दिवे. कहाणी रचणाऱ्या बाईने ते कधी बघितलं असेल का? मला वाटतं असेल. ज्यांना पटत नाही त्यांनी कणकेचे दिवे दूध-तुपात कुस्करून खा, ते तरी कोणी वादात नाही.

(प्रश्न: इंदूरजवळ चोरलकडे पावसात छत्र्या भरपूर येतात, कोणत्या खाव्यात?)

काका, कोणत्याच नाही. वारुळावर येणारी ती चांगली असतात, उधई स्वतः ती शेती करते, आदिवासी लोकांना ती अचूक ओळखता येतात, ते त्यांचं पिढ्यांचं ज्ञान आहे. आपल्याला नाही. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण निळा होतो, किड्याने खाल्लं म्हणजे चालतं, हे सगळं खोटं. सगळ्यात विषारी जाती चवीला वाईट नसतात आणि त्रास सहा तासांनी, बारा तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो, उलट्या-जुलाब होऊन मधे एखादा दिवस बरं वाटतं, आणि तेवढ्यात लिव्हर जातं. खायचंच असेल तर बाजारातून धिंगरी नाहीतर बटन आणा. आणि कोणी रानातलं खाल्लंच, तर बरं वाटायची वाट बघत बसू नका, उरलेला तुकडा पिशवीत घेऊन सरळ हॉस्पिटलला जा.